वरचा जोड

परवा दुपारी आमच्या खिडकीवर वाळ्याच्या मुळांची ताटी लागली, मला न विचारता. मी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडलो होतो. खिडकीवर तांब्याभर पाणी फेकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ तो वास आत आला. नागपूरच्या माणसाला या वासाचं वर्णन करून सांगायची गरज नाही. वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारी आम्ही जे काही जगतो ते या मुळांच्या आधारावर. शेजारच्या घरांत हा वास आला की माणसं छाती भरून श्वास घेतात. मी उठून बसलो आणि चपला शोधायला लागलो.

"या उन्हात कुठे निघालात?" बायकोने विचारलं. तांब्या अजून तिच्या हातात होता.

"जरा जाऊन येतो."

"ताटी लावली म्हणून? सर्दी होते, सर्दी होते म्हणून नऊ वर्षं लावू दिली नाहीत. पोरीने सगळे उन्हाळे घामोळ्यांत काढले. आता तांब्याभर पाणी मारलंय. एकदा तरी शिंकलात का?"

मी शिंकलो नव्हतो. वाळ्याने मला कधीच सर्दी झालेली नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी एक खोटं वागलो, आणि सर्दीचं हे दुसरं खोटं त्या पहिल्यावर पांघरूण घालायला आणलं. पहिलं कुणालाच माहीत नव्हतं, बायकोलाही नाही. तिच्याकडे न बघता मी डोक्याला दुपट्टा बांधला आणि बाहेर पडलो.

नागपूरचा उन्हाळा एकेक आवाज बंद करत येतो. होळी झाली की दुपारची पोरं घरात जातात. मग फेरीवाले थांबतात. मग पाखरं गप्प होतात, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून कडुलिंबाच्या आत बसून राहतात. आणि रोहिणीचे ते नऊ दिवस, ज्यांना आम्ही नवतपा म्हणतो, ते आले की रस्त्यावर एकच आवाज उरतो, डांबराला चिकटून सुटणाऱ्या चाकांचा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून माणसं कामाला जातात. गावाबाहेर संत्र्याच्या बागांचं पाणी तोडलेलं असतं. झाडांना ताण द्यायचा, पानं माना टाकेपर्यंत तहानलेली ठेवायची, म्हणजे मृगाच्या पावसावर ती फुलतात. बाहेरचा माणूस त्या बागा पाहून हळहळतो. बागवान मात्र शांत असतो. त्याला माहीत असतं, किती दिवस ताणायचं आणि कधी सोडायचं.

मला ते त्या वर्षी माहीत नव्हतं. मी ताणतच गेलो, आणि ताण दुसऱ्याच्या जिवाला होता.

गावाबाहेरच्या एका टेकडीवर आमच्या खात्याचं बिनतारी केंद्र होतं. दोन खोल्या, एक कडुलिंब, पाण्याचा एक पिंप आणि एक उंच लोखंडी मनोरा. चांद्याकडून, भंडाऱ्याकडून क्षीण आवाजात आलेला निरोप उचलायचा आणि त्याला नवा जोर देऊन पुढे जबलपूरकडे पाठवायचा, हे आमचं काम. उन्हाळ्यात जंगलांतले वणवे आणि खेड्यांतली पटकी, असे निरोप जास्त असत. मी छत्तीस वर्षांचा होतो. केंद्राची यंत्रं माझ्या ताब्यात होती. वर एक मोठे साहेब होते, ते आठवड्यातून एकदा जीपने येत. यंत्रातलं कळणारा टेकडीवर मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती, आणि ती मी इतरांनाही विसरू देत नसे.

त्या उन्हाळ्यात काय बिघडलं ते सोपं करून सांगतो. यंत्रातली शक्ती एका जाड केबलमधून मनोऱ्यावर चढते आणि टोकावरच्या एरियलमधून हवेत जाते. वाट साफ असेल तर सगळी जाते. वाटेत एखादा जोड बिघडला, त्यात पाणी शिरलं, तर तिथून काही भाग उलटा फिरतो. जाणारी लाट आणि परतणारी लाट एकमेकींत अडकतात आणि केबलमध्ये जागच्या जागी उभ्या राहतात. बाहेर निरोप पोचत नाही आणि आत यंत्र तापतं. हे किती चाललं आहे ते दाखवणारं एक मीटर माझ्या टेबलावर होतं. काटा डावीकडे पडून असला की सगळं ठीक. आमच्या केबलला दोनच जोड होते. एक अगदी वर, एरियलपाशी. दुसरा खाली, यंत्राच्या खोलीच्या खिडकीबाहेर, कारण केबल हातभर कमी पडली होती. खालचा जोड मी बांधला होता. वरचा डोमाजीने.

डोमाजी आमचा खलाशी, म्हणजे मनोऱ्यावर चढणारा माणूस. जातीने कोष्टी, मूळचा उमरेडचा. मिलच्या कापडापुढे घरचा माग चालेना म्हणून माग विकून नागपुरात आला होता. आमच्याकडे दोन वर्षं हंगामी होता. त्या उन्हाळ्याच्या शेवटी खलाश्यांना कायम करण्याचा कागद निघायचा होता आणि त्यात त्याचं नाव होतं. टेकडीवर सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"कायम झालो का पोरीले शाळेत टाकतो बाबूजी," तो म्हणायचा. "तुमी साहेबाजवळ एक शब्द टाकून द्या जी."

"टाकीन," मी म्हणायचो.

त्याने वरचा जोड बांधला तो दिवस मला लख्ख आठवतो. चढण्यापूर्वी त्याने लहानूच्या चुलीतली चिमूटभर राख धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. लहानू म्हणजे आमचा पाणी भरणारा म्हातारा.

"हे काय आता?" मी विचारलं.

"राख जी. आमच्यात ताण्याचे धागे सांधताना बोटाले लावते. माह्या बापानं शिकवलं."

"अरे, ही तार आहे. सूत नाही."

"तार असो का सूत असो, बोटं घामेजले का जोड बिघडते. बोट कोरडं पायजे. मंग पुसून टाकतो ना."

मी हसलो. लहानूही हसला. "डोमाजी, वर जाऊन लुगडं विणशील का गा?"

"विणतो ना. तुह्या म्हातारीले किती वार लागते, सांगून ठेव."

वरून उतरल्यावर त्याने मला खालच्या जोडाबद्दल सांगितलं. मी पट्टी गुंडाळत होतो, वरून खाली. तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खालून वर गुंडाळा बाबूजी. कौलावानी. वरचा पदर खालच्यावर आला पायजे, नाईतं पाणी आत जाते."

"पाऊस यायला दोन महिने आहेत," मी म्हणालो, आणि तसाच गुंडाळत राहिलो. मागावरून आलेल्या माणसाने मला जोड शिकवावा हे मला आवडलं नव्हतं. इतकी लहान गोष्ट होती.

आता ताटीचं सांगतो. साहेबांच्या ऑफिसातून एक जुनी ताटी निघाली होती. ती मी टेकडीवर आणवली आणि यंत्राच्या खोलीच्या खिडकीवर बाहेरून टांगली. यंत्र थंड राहील असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला थंड राहायचं होतं. त्या खोलीच्या भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती: या खोलीत पाणी आणू नये. साहेबांचा हुकूम, अक्षर माझं. पण ताटी खोलीत नव्हती, खिडकीबाहेर होती. मी स्वतःची अशी समजूत घातली. बारा वाजले की लहानू दर अर्ध्या तासाने ताटीवर पाणी मारायचा, पाच वाजेपर्यंत. मी टेबलाशी बसायचो. वाळ्यातून गाळून आलेली ती गार, ओली झुळूक मानेवर यायची आणि मला वाटायचं, सगळ्या नागपुरात या घडीला माझ्याइतका सुखी माणूस नसेल.

तीन-चार दिवसांतच काटा हलायला लागला. सकाळी तो डावीकडे पडून असायचा. दुपारी एकनंतर उचलायचा, दोनला मध्यावर, तीनला लाल रेघेपाशी. यंत्र तापायचं आणि मला ते बंद करावं लागायचं. संध्याकाळी काटा पुन्हा खाली. चांद्याचे निरोप दुपारभर अडकून पडायला लागले.

दोष दुपारीच येतो म्हणजे उन्हाने येतो. ऊन वरच्या जोडाला लागतं. तापून तिथलं काही तरी सुटत असणार. हा माझा तर्क होता, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो पटला. पण दोष शोधण्याची आमची एक साधी रीत असते. यंत्राच्या सर्वांत जवळच्या जोडापासून सुरुवात करायची. तो तसाच ठेवून त्याच्या पुढे, केबलऐवजी, शक्ती खाणारा एक दिवा जोडायचा. काटा शांत राहिला तर दोष पुढे, नाही तर इथेच. पाव तासाचं काम. मला ती रीत पाठ होती, नव्या पोरांना मीच शिकवत असे. पण खालचा जोड माझा होता. त्यात दोष असेल हे माझ्या मनातच आलं नाही. आलंच नाही, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. खरं कदाचित असं असेल की ते आलं आणि मी त्याला बसू दिलं नाही.

"डोमाजी, वरचा जोड सोडून पुन्हा बांध."

"आता जी? सकाळी चढलो तं नाई चालणार? लोखंड तव्यावानी होऊन राहिलं."

"सकाळी दोष दिसत नाही. तू वर असताना मला काटा बघायचा आहे."

तो हातांना गोणपाट गुंडाळून चढला. जोड बांधताना गोणपाट काढावंच लागायचं. खाली सावलीत बसून लहानू ओरडायचा, "काहून गा डोमाजी, वर भाकर भाजून राहिला का?" आणि वरून आवाज यायचा, "ये ना बुढ्या, तुले बी भाजतो!" पहिल्या दिवशी दोघं हसले. दुसऱ्या दिवशी लहानू ओरडला, पण वरून उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी लहानूही ओरडला नाही.

मी आत ताटीमागे बसलेला. बाहेर तो, त्याच्यामागे पांढरं झालेलं आकाश, आणि माझ्या मानेवर वाळ्याचा वास. काटा चढलेलाच. "अजून नाही!" मी खिडकीच्या फटीतून ओरडायचो. "पुन्हा कस!"

तिसऱ्या दिवशी साहेब आले. काटा बघून त्यांचा चेहरा तापला. मला काही तरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "साहेब, तो बोटांना राख लावून जोड बांधतो."

"राख? पागल है क्या?" साहेब म्हणाले.

आणि मला हलकं वाटलं. दोषाला एक नाव सापडलं होतं. राखेने वरच्या जोडात वीज गळते, असं मी साहेबांना समजावूनही दिलं. साहेबांनी डोमाजीला बोलावून झापलं. तो खाली मान घालून उभा होता. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. बाबूजी सांगतील, राख मी पुसतो म्हणून, असं त्या बघण्यात होतं. मी मीटरकडे बघत राहिलो.

चौथ्या दिवशी तो बिनाराखेचा चढला. बोटं घामाने निसटत असणार, वेळ दुप्पट लागला. पाचव्या दिवशीही चढला. उतरल्यावर लहानूने त्याला पाण्याचा लोटा दिला, तर त्याने तो दोन मनगटांच्या मधे धरला. तळवे वर करून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मी ते पाहिलं आणि आत गेलो.

सहाव्या दिवशी लहानू आला नाही. त्याच्या भाचीचं लग्न होतं. पिंप तळाला गेला होता. बाराला पाणी पडलं नाही, एकला नाही. ताटी वाळून कडकडीत झाली आणि लूच्या गरम झोताने खिडकीवर आपटायला लागली. त्या उन्हाळ्यातला सर्वांत कडक दिवस असेल तो. दोन वाजले, तीन वाजले. काटा डावीकडे पडून होता. जरासुद्धा हलला नाही.

मी काट्याकडे बघितलं, ताटीकडे बघितलं, आणि मला कळलं. एका क्षणात, सगळं. कुणी तरी मागून मानेवर हात ठेवावा तसं.

तरी खात्री करायला मी उठलो, पिंपाच्या तळाचं पाणी लोट्यात काढलं आणि ताटीवर मारलं. पाणी मुळांतून झिरपलं, खिडकीच्या कडेने केबलवर उतरलं आणि केबलला धरून, थेंबामागे थेंब, माझ्या जोडात शिरायला लागलं. मी पट्टी वरून खाली गुंडाळली होती. प्रत्येक पदराचं तोंड वर उघडं होतं, पाण्याची वाट बघत. वीस मिनिटांत काटा चढला.

कडुलिंबाखाली डोमाजी हाक येण्याची वाट बघत बसला होता. हात मांडीवर उताणे.

मी ताटी काढली आणि खोलीमागे टाकली. खालचा जोड सोडला, कोरडा केला, पुन्हा बांधला, या वेळी खालून वर, कौलांसारखा. हे करताना मी आणखी एक गोष्ट केली. ती इथे लिहीत नाही. डोमाजीलाही मी ती शेवटीच सांगितली, म्हणून तिची जागा शेवटीच आहे.

"बाबूजी, चढू का?" तो बाहेरून म्हणाला.

"नको. आज ठीक आहे."

तो दारात आला. त्याने काटा बघितला. आधी त्याचं तोंड उजळलं, मग हळूहळू उतरलं. "म्हंजे उरलीसुरली राख काल निघाली, अन् जोड टिकला," तो म्हणाला. "म्हंजे राखेनंच होत होतं जी."

तो हे विचारत नव्हता, पण मी 'नाही' म्हणू शकलो असतो. एक शब्द होता. मी म्हणालो, "आता घरी जा. हाताला तेल लाव."

साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ऊपर का ही जॉइंट था ना?"

"जी साहेब."

एवढंच. नोकरी गेली नसती माझी. फार तर एक कानउघाडणी झाली असती. मी तेव्हा भ्यालो ते हसण्याला. आपणच सूचना लिहितो, आपणच खिडकीवर पाणी मारतो आणि ताटीपायी केंद्र बंद पाडतो, ही गोष्ट ऑफिसात वर्षानुवर्षं सांगितली गेली असती. ते हसू मला ऐकवलं नसतं. त्या हसण्यापासून वाचायला मी एका माणसाची रोजी दिली.

कायम करण्याच्या कागदात डोमाजीचं नाव नव्हतं. पाऊस सुरू होण्याआधी त्याला कमी केलं. जाताना तो माझ्या पाया पडला. "तुमी लय सांभाळलं जी," म्हणाला. मला अजूनही कधी कधी जेवताना ते वाक्य आठवतं आणि घास फिरतो.

दोन वर्षांपूर्वी मी त्याला इतवारीच्या बाजारात पाहिलं. भांड्यांच्या गल्लीत पितळी हंड्यांनी भरलेली हातगाडी ओढत येत होता. केस पिकले होते. मी पटकन एका कापडाच्या दुकानात शिरलो आणि दुकानदाराला ठाणांवर ठाणं उलगडायला लावली, तो पुढे जाईपर्यंत. मग मला नको असलेलं एक उपरणं घेऊन बाहेर पडलो. ते उपरणं घरी तसंच घडीचं पडून आहे. त्यानंतर मी इतवारीत चौकशी केली, तो कुठे राहतो ते शोधून काढलं. आणि गेलो नाही.

परवा गेलो. बायकोने ताटी लावली म्हणून गेलो, हेही लिहून ठेवतो. माझ्या सद्बुद्धीने नाही.

इतवारीच्या पलीकडे कोष्ट्यांची वस्ती आहे. दुपारी बाजार थंडावतो तेव्हा हातगाड्या घराच्या सावलीला लागलेल्या असतात. काही घरांतून अजून मागाची खटखट येत होती. डोमाजीच्या घरातून येत नव्हती. तो उंबऱ्यात बसून गाडीच्या आसाला तेल देत होता. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"बाबूजी? अरे बाप्पा! उन्हाचे काहून आले जी? गंगू, पाट टाक वं. पाणी आण."

त्याची बायको गंगू आतून आली. चुलीपाशी भांडी घासत होती, हात राखेचे होते. तिने हात धुतले, पाट टाकला, माठातलं पाणी दिलं. पाण्याला वाळ्याचा वास होता. माठात मुळांची जुडी टाकली होती, आमच्याकडे सगळेच टाकतात. मी ते पाणी हातात धरून बोलायला लागलो. उभ्या उभ्या, पाटावर न बसता. ताटीचं, पाण्याचं, माझ्या जोडाचं. सहाव्या दिवसाचं. 'जी साहेब'चं. मधे थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो.

मग गंगू म्हणाली, "मंग आता काहून सांगून राहिले जी? तवा तोंडात काय होतं?"

"गंगू," डोमाजी म्हणाला.

"गंगू काय? या माणसानं नऊ वर्सं सुताले हात नाई लावला बाबूजी. माहा भाऊ आपला माग देऊन राहिला होता, फुकटात. तं म्हणे, नाई, माह्या बोटात खोट हाय. बापानं शिकवलं तेच चुकीचं हाय. पोरगी शाळेत नाई गेली, ते जाऊ द्या. सांगा ना, तोंडात काय होतं?"

"लोक हसतील असं वाटलं," मी म्हणालो.

ती हसली नाही. हसला तो डोमाजी. "ताटी!" तो म्हणाला. "वाळ्याची ताटी! अन् मी वरते भाकर भाजून राहिलो होतो." तो खरंच हसला, दोन-तीन क्षण मान हलवत. ज्या हसण्याला मी नऊ वर्षं भीत होतो ते असं होतं. एवढंसं. त्यात मला काहीच लागलं नाही, आणि तेच मला सोसवलं नाही.

मग तो थांबला. "मंग राखेनं नोतं झालं?"

"नाही."

"वरचा जोड बरोबर होता?"

"पहिल्या दिवशी बांधलास तेव्हापासून बरोबर होता."

"आयकलं का वं," तो गंगूला म्हणाला, "जोड बरोबर होता." तिने पदराने तोंड पुसलं.

मग मी उरलेली गोष्ट सांगितली. त्या दिवशी मी खालचा जोड पुन्हा बांधायला बसलो तेव्हा माझी बोटं घामाने निथळत होती. पट्टी निसटत होती, तार निसटत होती. दोनदा बांधला, दोनदा सुटला. तेव्हा मी उठलो, लहानूच्या विझलेल्या चुलीतली राख घेतली, बोटांना चोळली आणि जोड बांधला. पुसून घेतला, पट्टी खालून वर गुंडाळली. एका दमात जमला. डोमाजी त्या वेळी कडुलिंबाखाली बसला होता, माझ्याकडे पाठ करून. तो जोड अजून तसाच आहे. नऊ पावसाळे त्याच्यावरून गेले, काटा हललेला नाही. दर वर्षी केंद्राच्या तपासणीत मी त्याच्यापुढे 'उत्तम' असं लिहितो.

डोमाजीने तेलाचा हात आसावरून काढला.

"तुमी राख लावली," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात 'जी' नव्हतं.

"हो."

तो आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. माफ केलं म्हणाला असता तर कदाचित तेही घेतलं असतं, इतका मी अजून हावरा आहे. पण इतवारी पुन्हा उघडायची वेळ झाली होती. त्याने तेलाची वाटी उचलून आत ठेवली, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गाडीच्या दांड्यांमधे जाऊन उभा राहिला. उजव्या हाताचा अंगठा त्याने पहिल्या बोटावर एकदा फिरवला, हळू, न दिसणारा धागा वळावा तसा. मग पुन्हा एकदा.

निघताना तो माझ्याशी बोलला नाही. गंगूला म्हणाला, "आजची राख फेकू नको वं. ठेवजो."